सुई थोडी उघडी असू द्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सदर, जबलपूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मंडळाचा इतिहास सांगावा, मराठी भाषेच्या भवितव्याची चिंता करावी, अशी रूढी आहे. हे दोन्ही विषय माझ्याआधीच्या वक्त्यांनी अधिकाराने मांडले आहेत. माझा विषय फार लहान आहे. इतका लहान की तो मी खिशात घालून आणला आहे. मेजावर ठेवलेले हे यंत्र मोठ्या लिंबापेक्षा फारसे मोठे नाही. यात अडीच घनसेंटिमीटरचा एकच सिलिंडर आहे, आणि ते लहरीत असले म्हणजे मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेते. विमानाच्या प्रतिकृतीचे, म्हणजे आपण ज्याला मॉडेल म्हणतो त्याचे, हे इंजिन. पन्नासएक वर्षांपूर्वी याने मला एक धडा शिकवला. त्यात माझी शोभा नसल्यामुळे तो मी आजवर चारचौघांत सांगितला नव्हता.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी जबलपुरास आली ती नोकरीच्या वाटेने. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथून १८१७ साली उठला. त्यानंतरच्या काळात मराठी माणसाची मोठी आवक झाली ती कचेऱ्या, रेल्वे आणि कारखाने यांच्यामुळे. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली, १९६९ साली व्हेईकल फॅक्टरी आली. या कारखान्यांबरोबर हाताला लोखंडाची पारख असलेली माणसे येथे येऊन राहिली. सदर हा छावणीचा बाजार. येथील गल्ल्यांतून संध्याकाळी बेकरीचा वास, गॅरिसन ग्राउंडावरून परतणारी पोरे, आणि एखाद्या ओसरीवर कानस घासल्याचा आवाज, असे आमचे बालपण गेले.

ती कानस आमच्या काकांची. ते माझे सख्खे काका नव्हेत. मुलखापासून दूर राहणाऱ्यांची नाती रक्तापेक्षा गल्लीवरून ठरतात, हे या सभेला सांगावयास नको. काका व्यवसायाने टर्नर. मूलबाळ नव्हते. कारखान्यातून घरी आले की हातपाय धुऊन चहा घ्यायचा आणि ओसरीवर विमाने करीत बसायचे, हा त्यांचा क्रम. बाल्सा लाकूड परदेशी आणि महाग. त्याच्या चिपासुद्धा ते डब्यात जपून ठेवीत.

मी नागपुरास महाविद्यालयात शिकत होतो आणि एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होतो. ही शाखा १९५० साली निघाली. विमानप्रतिकृती तयार करणे आणि उडविणे हा तिच्या शिक्षणाचाच एक भाग आहे, आणि त्याच्या स्पर्धाही होतात. अशाच एका स्पर्धेसाठी माझी निवड झाली. मला कोण आनंद झाला! काकांना माझ्याहून अधिक झाला. कोणाकडून तरी त्यांनी हे इंजिन जुने म्हणून मिळविले होते. त्याचा पिस्टन झिजला होता. ओळखीच्या एका लेथवाल्याकडून त्यांनी बिडाचा नवा पिस्टन कातून घेतला आणि तो सिलिंडरमध्ये बसविण्याचे काम स्वतःकडे ठेवले.

हे बसविणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. या इंजिनाच्या पिस्टनला रिंगा नसतात. पिस्टन आणि सिलिंडर यांमधील फट केसाच्या जाडीच्या दशांशाहूनही कमी ठेवावी लागते, आणि तेलाचा पातळ थर तिथला वायू अडवून धरतो. फट किंचित जास्त झाली तर दाब राहत नाही, किंचित कमी झाली तर पिस्टन अडकतो. ही किंचित म्हणजे किती, हे शेवटी बोटांनाच कळते. बारीक पॉलिश आणि तेल लावून पिस्टन फिरवायचा, पुसायचा, घालून पाहायचा, पुन्हा फिरवायचा. काकांनी हे काम दोन महिने केले. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता आणि दृष्टी दिवसेंदिवस आकसत होती. हे त्यांनी काकूंखेरीज कोणासही सांगितले नव्हते. मला ते पुष्कळ उशिरा कळले.

आता इंजिनाची रीत ऐका. आम्ही याला डिझेल म्हणतो, पण बसगाडीच्या डिझेल इंजिनाशी याचे पुरते साम्य नाही. तेथे हवा दाबून तापवतात आणि इंधन शेवटी फवारतात. येथे इंधन हवेबरोबरच आत येते आणि दाबाने तापून पेटते. ठिणगी नाही, बॅटरी नाही. अमेरिकेत रे आर्डेन याने १९४७ साली ग्लो प्लग बाजारात आणल्यावर मेथनॉलवर चालणारी इंजिने जगभर पसरली. आपल्याकडे मात्र या डिझेलचा संसार बरीच वर्षे चालला, कारण त्याचे इंधन घरी करता येई. इथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समभाग. इथर पेटण्यासाठी, रॉकेल ताकदीसाठी, एरंडेल वंगणासाठी. घरात असा काही वास सुटे की आजी म्हणे, "मेल्यांनो, घराचं इस्पितळ करून टाकलंत!" त्यात तिचे चुकत नव्हते. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही भडकते. म्हणून ते मिश्रण ओसरीवरच करायचे, चुलीपासून आणि विडीपासून दूर, असा काकांचा दंडक होता.

या इंजिनास दोन लगाम असतात. डोक्यावरचा स्क्रू दाब कमीजास्त करतो. बाजूची सुई इंधन किती यावे ते ठरविते. सुई उघडी असली तर मिश्रण इंधनाने जड होते. इंजिन अडखळते, धूर सोडते, तेल ओकते. सुई मिटत नेली की आवाज स्वच्छ आणि तीक्ष्ण होतो. आणखी मिटली की मिश्रण कोरडे पडते, इंजिन तापते, धापा टाकते आणि थांबते. ऐन तीक्ष्ण आवाजाच्या जागी सुई ठेवावी असा मोह प्रत्येकाला होतो, कारण तो आवाज कानाला फार गोड लागतो. पण खरी मेख तेथेच आहे. जमिनीवर उभे असलेले विमान आणि उडणारे विमान यांत फरक आहे. हवेत विमान पुढे सरकते म्हणून पंख्यावरचा भार हलका होतो आणि फेरे वाढतात. टाकीतील इंधनाची पातळी उतरत जाते. नाक वर झाले की टाकी इंजिनाच्या खाली राहते आणि इंधन वर चढवावे लागते. या सर्वांमुळे मिश्रण आकाशात आपोआप कोरडे होते. म्हणून जमिनीवर इंजिन थोडे जडच, थोडे कुरकुरतच सोडले पाहिजे.

काकांनी मला तीन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, नवा पिस्टन किमान तासभर मुरू द्यायचा. तोही सलग नव्हे, दोन-दोन मिनिटे, सुई उघडी ठेवून, आणि दरवेळी पूर्ण थंड होऊ देऊन. बाहेर पडणारे तेल काळे आहे तोवर बीड झिजते आहे असे समजावे. ते एरंडेलाच्या मूळ रंगाचे आले की पिस्टन मुरला. दुसरी, उडविण्यापूर्वी विमान हातात धरून नाक आभाळाकडे करायचे आणि पाच-सहा सेकंद आवाज ऐकायचा. आवाज किंचित चढला तर ठीक. बसला तर सुई उघडायची. तिसरी गोष्ट त्यांनी निघताना सांगितली. "अरे, तिथं शंभर जण शंभर गोष्टी सांगतील. ज्यानं तुझं इंजिन कान देऊन ऐकलं असेल, त्याचंच ऐक."

मी सर्वांना हो म्हटले. त्या काळी गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला छोट्या गाडीने येता-जाता येई. आता ती लाईन ब्रॉडगेज झाली आहे. मांडीवर खोके घेऊन मी त्या गाडीत बसलो, तेव्हा पिस्टन मुरविण्याची पंचवीस मिनिटे झाली होती. उरलेली पस्तीस नागपुरास पुरी करतो, असे मी काकांना सांगितले. नागपुरास मित्र भेटले, सराव आला, आणि तेल काळसर होते तरी इंजिन उत्तम बोलत होते. ती पस्तीस मिनिटे राहून गेली.

स्पर्धेचे गाव आणि आयोजक यांची नावे घेण्याचे कारण नाही. त्यांची व्यवस्था चोख होती. माझा प्रकार तारनियंत्रित कसरतींचा. दोन बारीक पोलादी तारा, लांबी पंधरा-सोळा मीटर. त्यांचे एक टोक विमानाच्या पंखात आणि दुसरे आपल्या मुठीत. आपण मध्ये उभे राहायचे, विमान आपल्याभोवती फिरते, आणि मूठ वरखाली केली की ते चढते-उतरते. तारा ताणलेल्या आहेत तोवर विमान आपले. त्या सैल पडल्या की मुठीचा हुकूम विमानापर्यंत पोहोचत नाही.

सकाळी थंडीत सराव झाला तेव्हा इंजिन नीट लागले होते. माझा क्रमांक दुपारी आला. उन्हाने हवा तापून विरळ झाली होती, त्यामुळे त्याच सुईवर मिश्रण जड झाले आणि इंजिन कुरकुरू लागले. किंचित सुई मिटणे रास्तच होते. पण परीक्षक समोर, घड्याळ चालू, कडेला मुलींच्या पथकातील चार जणी. त्या कुरकुरीची मला लाज वाटली. मी सुई मिटत नेली, दाबाचा स्क्रू थोडा आवळला, आणि तो तीक्ष्ण सूर लागला. मैदानाच्या पलीकडील लोकांनीही माना वळविल्या.

माझ्यानंतर ज्याचा क्रमांक होता तो एक बंगाली मुलगा शेजारी उकिडवा बसला होता. गुणांत आम्हां दोघांचीच चुरस होती. त्याने डोके एका बाजूला कलते केले, क्षणभर ऐकले आणि म्हणाला, "भैया, सुई थोडी खोल दो. एक बार नाक ऊपर करके देखो."

श्रोतेहो, हे काकांचेच शब्द होते. भाषा तेवढी वेगळी. आणि काकांच्या कसोटीला तो मुलगा पुरेपूर उतरत होता, कारण त्याने माझे इंजिन खरोखर कान देऊन ऐकले होते. पण माझ्या मनात काय आले असेल? हा माझा प्रतिस्पर्धी. माझे इंजिन मंद व्हावे असे याला वाटणारच! मी हसून मान हलविली, आणि नाक वर न करताच विमान सोडण्याची खूण केली.

पहिल्या फेऱ्या अप्रतिम झाल्या. पहिले वर्तुळ निघाले, दुसरे निघाले. तिसऱ्या वर्तुळात विमान नाक वर करून डोक्यावर चढत असता आवाज बसला. धाप लागलेल्या माणसासारखा बसला आणि एकदम बंद झाला. तारा सैल पडल्या. मी मागे धावलो, मूठ ओढली, पण हाताला काही लागेना. विमान माझ्यापासून दहा पावलांवर नाकावर आदळले. काकांच्या हिवाळाभराच्या कामाचे काडीकाडीने तुकडे झाले. इंजिन उचलले तेव्हा बोट भाजले, आणि पंखा फिरेना. न मुरलेला पिस्टन तापून सिलिंडरला धरला होता.

त्या बंगाली मुलाने माझे तुकडे गोळा करण्यास मदत केली. नंतर त्याने स्वतःचे उड्डाण केले. त्याचे इंजिन जमिनीवर कुरकुरत होते आणि आकाशात गात होते.

या प्रसंगानंतर पुष्कळ वर्षांनी मी एक हकीकत वाचली. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने विमान उडवून एका महिन्याच्या आत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. १९३० साली त्यासाठी तिघे निघाले. त्यांपैकी मनमोहन सिंग यांची मुदत हुकली. जे.आर.डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे चालले होते. अॅस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरच्या धावपट्टीवर दोघांची गाठ पडली. अॅस्पीचे इंजिन स्पार्क प्लगमुळे अडले होते आणि त्याच्याजवळ जादा प्लग नव्हते. जे.आर.डी.ंनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अॅस्पी कराचीस आधी पोहोचला आणि थोडक्या अंतराने बक्षीस त्याचे झाले. पुढे तोच आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट सांगताना सारे जण जे.आर.डी.ंच्या दिलदारीची वाखाणणी करतात, आणि ती योग्यच आहे. मी मात्र ती वाचताना अॅस्पीचा विचार करीत होतो. प्रतिस्पर्ध्याच्या हातून प्लग घ्यायचा, तो आपल्या इंजिनात बसवायचा, आणि त्याच्या भरवशावर वाळवंट व समुद्र ओलांडायचा! हा प्लग बिघडलेला तर नसेल, अशी शंका त्या सतरा वर्षांच्या मुलाने धरली असती तर? देणाऱ्याचे मन मोठे लागते हे आपण मुलांना शिकवतो. घेणाऱ्यालाही मन लागते, हे शिकवावयाचे राहून जाते. मला कोणी प्लग देत नव्हते. फुकटचे एक वाक्य देत होते. तेही माझ्याने घेववले नाही.

आपल्यात म्हण आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. आपण ती नेहमी दुसऱ्या अर्ध्यासाठी वापरतो. पहिला अर्धा भागही हुकूमच आहे, हे विसरतो. मी त्या दिवशी जनाचे ऐकले असते, पाच सेकंद नाक वर केले असते, आणि मग मनाचे केले असते तरी चालले असते. कारण त्या पाच सेकंदांत इंजिनानेच मला खरे काय ते सांगितले असते. सल्ला देणारा कोण आहे, त्याचा हेतू काय, याचा शोध मी घेत बसलो. सल्ला पारखून पाहण्याचा उपाय माझ्याच हातात होता, आणि त्याला देणाऱ्याच्या हेतूची गरज नव्हती.

आता शेवटचे सांगतो. मी सुटीत सदरला परतलो. वाटेत खोटे बोलण्याचे तीन मजकूर तयार केले होते: वारा सुटला, तार तुटली, कोणाचा तरी धक्का लागला. काकांनी खोके उघडले. इंजिन हातात घेतले, खिडकीपाशी नेऊन डोळ्याजवळ धरले, आणि मग डोळ्यांचा नाद सोडून अंगठ्याने चाचपले. पिस्टन बाहेर काढून त्यावरचा ओरखडा नखाने पाहिला. "किती मिनिटं मुरवला होतास?" एवढेच विचारले. मी म्हटले, "पंचवीस." तयार केलेल्या तीनही मजकुरांपैकी एकही तोंडातून निघाला नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. काकू आतून म्हणाल्या, "आता पुन्हा नका बसू त्या पिस्टनला. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तेव्हा मला काचबिंदूची गोष्ट समजली. जो पिस्टन मी पस्तीस मिनिटांच्या आळसापायी जाळला, तो त्यांच्या हातचा शेवटचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा पिस्टन कातून आणविला आणि माझ्या हातात दिला. उन्हाळ्याची सबंध सुटी मी ओसरीवर बसून तो फिरविला, पुसला, घातला, काढला. काका शेजारी डोळे मिटून बसत आणि सिलिंडरमधून पिस्टन बाहेर येताना जो बारीक 'टप्' असा आवाज होतो, तेवढा ऐकत. "अजून नाही," म्हणत. एका संध्याकाळी म्हणाले, "आता थांब." त्यानंतर एक तास, दोन-दोन मिनिटांनी, मी ते इंजिन मुरविले. तेल एरंडेलाच्या रंगाचे येईतो थांबलो.

पुढच्या वर्षी स्पर्धेत मला बक्षीस मिळाले नाही. पण इंजिनाने सर्व कसरती पुऱ्या केल्या, आणि इंधन संपेतो ते एकदाही अडखळले नाही. तो बंगाली मुलगा त्या वर्षी आला नव्हता. त्याचे नावही मी विचारून ठेवले नव्हते. आज या व्यासपीठावरून मी त्याचे आभार मानतो. पन्नास वर्षे उशीर झाला आहे.

आजच्या मुलांजवळ विजेच्या मोटारी आहेत, लिथियमच्या बॅटऱ्या आहेत. सुई नाही, इथर नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग पाडले आहेत. छावणीत राहणाऱ्यांनी तर ते पाहूनच उडवावे. साधने बदलली म्हणून मी खंत करीत नाही. काकांनीही केली नसती. नवे यंत्र दिसले की त्यांचे बोट आधी त्याच्याकडे जाई. माझी विनंती एवढीच की मंडळात जी मुले अशी यंत्रे घेऊन येतात, त्यांच्याजवळ आपल्यापैकी कोणी तरी थोडा वेळ बसावे. बोलण्यापूर्वी त्यांचे यंत्र नीट ऐकावे. सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला वयाने मिळतो असे आपण धरून चालतो. काकांच्या हिशेबी तो ऐकण्याने मिळत होता.

हेच ते इंजिन. आतील पिस्टन माझ्या हातचा आणि काकांच्या कानाचा आहे. सभा संपल्यावर ज्या मुलांना पंखा फिरवून दाब कसा लागतो ते पाहावयाचे असेल, त्यांनी अवश्य पुढे यावे. ते चालवून दाखविण्याचा माझा बेत होता. परंतु सभागृहात इथर आणू नये असे आपल्या चिटणीसांनी मला सुचविले. तो सल्ला मी ऐकला आहे.